बाबागाडी कोण उचलणार?

लहान मुलासाठी हलकी बाबागाडी घ्यावयाची असेल तर दुकानात पाऊल टाकण्यापूर्वी घरातील मंडळींनी एकत्र बसून एकाच प्रश्नाचा निकाल लावून घ्यावा, आणि तो प्रश्न म्हणजे ही गाडी दररोज उचलणार कोण, हा होय. ढकलणार कोण, असे मी विचारीत नाही. कारण गुळगुळीत फरशीवर, प्रशस्त दालनात, रिकामी गाडी कोणालाही ढकलता येते, आणि विक्रेताही ती तशीच ढकलून दाखवितो. परंतु आमच्या शहरांत बाबागाडीचा पुष्कळसा प्रवास चाकांवर होत नसून माणसाच्या हातांवर होतो. जिन्यावरून, पदपथाच्या उंच कडेवरून, रिक्षाच्या पायरीवरून, रेल्वेच्या पुलावरून ती उचलून न्यावी लागते. आणि हे उचलणे ज्या हातांच्या वाट्याला येते, ते हात बहुधा गाडी पसंत करताना हजरच नसतात.

आमच्या घरी असेच झाले. नातू पाच महिन्यांचा असताना एका आप्तांनी मोठ्या प्रेमाने एक थोरली बाबागाडी भेट म्हणून पाठविली. मऊ गादी, ऐसपैस टप, मोठी चाके, उत्तम शिवण. वस्तूत खोट काढण्यासारखे काही नव्हते. आमची इमारत मात्र सदाशिव पेठेतील जुनी. बिऱ्हाड तिसऱ्या मजल्यावर, लिफ्टची सोय नाही, पायऱ्या ४७. सार्वजनिक बांधकाम खात्यात ३१ वर्षे काढलेली असल्यामुळे कोणतीही वस्तू घरात आली की तिचे मोजमाप घेतल्यावाचून मला चैन पडत नाही. ताणकाट्याला लावली तेव्हा गाडी १३ किलो भरली, आणि नातू त्या वेळी साडेसहा किलोंचा होता. पहिल्या आठवड्यात सूनबाई त्याला घेऊन दोनदा खाली उतरली, दुसऱ्या आठवड्यात एकदा, आणि त्यानंतर गाडी जिन्याखाली उभी राहिली ती राहिलीच. मी कारण विचारले तेव्हा ती म्हणाली, "बाबा, गाडी चांगलीच आहे. पण ती खाली न्यायला मला दुसरं माणूस लागतं, आणि दुसरं माणूस घरात असतं तेव्हा मूल त्याच्याजवळ ठेवून मी तशीही बाहेर जाऊ शकते." तिच्या या उत्तराने मी अस्वस्थ झालो, आणि हा लेख लिहिण्याची सबब तेच उत्तर आहे.

बाबागाडी मुळात श्रीमंतांच्या घरची वस्तू, आणि तेथे उचलण्यासाठी चाकरमाणसे असत. इंग्लंडात १७३३ साली विल्यम केंट या वास्तुविशारदाने डेव्हनशायरच्या ड्यूकच्या मुलांसाठी जी गाडी घडविली, तिला बोकड किंवा लहानसे तट्टू जुंपावयाचे होते. पुढे एकोणिसाव्या शतकात ती माणसाने ढकलण्याजोगी झाली तेव्हा ती ढकलावयास दाया नेमलेल्या होत्या. आणि आपल्याकडे लष्करी छावण्यांतील बंगल्यांतून ती आली तेव्हा तिच्या मागे आया चालत असे. साहेबाच्या मुलाला चाकर मंडळी 'बाबा' म्हणत, आणि मराठीत या गाडीला जे नाव पडले त्यात ती हाक अजून ऐकू येते. असा सगळा बंदोबस्त गृहीत असताना गाडीच्या वजनाची फिकीर करण्याचे कोणाला कारणच नव्हते.

ती फिकीर ज्याने खऱ्या अर्थाने केली तो गृहस्थ मूळचा विमानांच्या विद्येतला होता. ओवेन मॅक्लारेन हा वैमानिकी अभियंता. दुसऱ्या महायुद्धात विख्यात झालेल्या स्पिटफायर या लढाऊ विमानाच्या, उतरताना चाके बाहेर काढणाऱ्या व उडताना ती आत मिटून घेणाऱ्या चौकटीच्या रचनेत त्याचा हात होता. निवृत्तीनंतर, आजोबा झाल्यावर, जड गाडी घेऊन प्रवास करण्यात किती हाल होतात हे गाऱ्हाणे त्याच्या मुलीने त्याच्या कानावर घातले. त्याने ते मनावर घेतले, आणि नॉर्दम्प्टनशायरमधील बार्बी या खेड्यात, घराच्या तबेल्यात, ॲल्युमिनियमच्या पोकळ नळ्या व कापड यांची एक गाडी सिद्ध केली. १९६५ साली त्याने तिच्या पेटंटसाठी अर्ज केला आणि १९६७ साली ती बाजारात आली. तिचे वजन होते अवघे सहा पौंड, म्हणजे सुमारे २.७ किलो, आणि ती छत्रीसारखी मिटत असे. जमिनीवर टेकताना सारा भार सोसावयाचा आणि काम संपताच लहानशा पोकळीत नाहीसे व्हावयाचे, ही जी विमानाच्या चाकांची दुहेरी जबाबदारी, तीच त्याने लहान मुलाच्या गाडीवर सोपविली. अभियंता या नात्याने मला ही कल्पना अतिशय सुंदर वाटते. परंतु त्या सौंदर्याहून मोलाची गोष्ट अशी की, एका कडेवर मूल आणि दुसऱ्या हातात गाडी घेऊन बाईने एकटीने, कोणाचीही मनधरणी न करता, बसमध्ये चढावे, हे त्या पोकळ नळ्यांनी साध्य केले. हलकेपणा हा गाडीचा गुण म्हणून सांगितला जातो. वस्तुतः तो आईला मिळालेला परवाना आहे, आणि गाडी निवडताना तिच्याकडे त्याच दृष्टीने पाहिले पाहिजे.

दुसरी गाडी घ्यावयाचे ठरले तेव्हा नातू आठ महिन्यांचा होता. मी ताणकाटा पिशवीत टाकला, सूनबाईला आणि बाळाला बरोबर घेतले, आणि आम्ही एका मोठ्या दुकानात गेलो. एका खोक्यावर वजन ५.८ किलो छापलेले होते. काट्यावर तीच गाडी ६.९ भरली. चौकशी करता असे निष्पन्न झाले की, छापील आकड्यात टप आणि खालची टोपली धरलेलीच नव्हती, जणू टपावाचून गाडी कोणी वैशाखात बाहेर काढणार होते! कागदावर हा आकडा खोटा ठरत नसेल; पण खात्यात असा अपुरा तपशील घेऊन कोणी ठेकेदार माझ्यासमोर आला असता तर त्याचे बिल मी मंजूर केले नसते. तेव्हा ग्राहकाने छापील वजनावर इतबार ठेवू नये. टप, टोपली, गादी, पावसाचे आच्छादन असे जे जे रोज लागणार ते सर्व लावून गाडी प्रत्यक्ष तोलून मागावी.

आणि तोलून झाल्यावरही काम संपत नाही. कारण तोच भार हाताला कसा लागतो हे धरण्याच्या जागेवर ठरते. लांब काठीसारखी मिटणारी गाडी खांद्याला अडकविता येते, पण जिन्याच्या वळणावर तिचे टोक कठड्याला आपटते. चौकोनी पेटीसारखी मिटणारी गाडी आटोपशीर असते, विमानात डोक्यावरच्या कप्प्यात मावणाऱ्या गाड्या याच जातीच्या, पण तिला पट्टा नसेल तर ती गुडघ्याला लागत राहते. सूनबाईने बाळाला डाव्या कडेवर घेतले, एकेक मिटलेली गाडी उजव्या हातात धरली आणि त्या इमारतीचा जिना ती एकेक मजला चढून उतरली. दुकानातील मंडळींना हे नवलाचे वाटले, तथापि त्यांनी हरकत घेतली नाही. सात किलोंच्या पलीकडे तिचे मनगट वळू लागले, म्हणून सात किलो ही आमच्या घरची मर्यादा ठरली. ज्यांच्या इमारतीला लिफ्ट आहे आणि फाटकाबाहेर बरा रस्ता आहे त्यांनी या मर्यादेच्या मागे लागण्याचे कारण नाही. त्यांच्या मुलाला थोडी जड, मोठ्या चाकांची गाडीच अधिक सुखाची, कारण लहान चाक प्रत्येक खाचेत अडकते आणि त्याचा धक्का थेट मुलाच्या पाठीला पोचतो.

मात्र हलकेपणाला किंमत पडते, आणि ती मुलाने चुकती करावयाची नाही, ही शर्त प्रथमच घालून घेतली पाहिजे. छत्रीसारख्या मिटणाऱ्या बहुतेक साध्या गाड्यांत पाठ जवळजवळ ताठ असते. ज्या बाळाची मान धरलेली नाही, ज्याला आधारावाचून बसता येत नाही, त्याला अशा गाडीत घालणे हा त्याच्या कोवळ्या कण्यावर जुलूम आहे. युरोपात बाबागाड्यांसाठी ईएन १८८८ या नावाचे जे मानक आहे, त्यात सहा महिन्यांच्या आतील मुलासाठी आसन व पाठ यांमधील कोन निदान १५० अंशांचा हवा, म्हणजे बाळ जवळजवळ निजलेले हवे, अशी अट आहे. माझे मत याहून कडक आहे. पहिल्या सहा महिन्यांत हलकी गाडी विकतच घेऊ नये. आपल्याकडे दुपटे आहे, झोळी आहे, आजीची मांडी आहे. त्या वयाच्या मुलाला बाहेर नेण्यासाठी माणसाच्या छातीइतके उत्तम वाहन दुसरे नाही. मूल नीट बसू लागल्यावर मग हलकी गाडी घ्यावी, आणि तीही पाच ठिकाणी बांधणाऱ्या पट्ट्याची. दोन खांदे, कमरेच्या दोन बाजू आणि मांड्यांमधून एक. नुसत्या कमरपट्ट्याच्या गाडीत मूल पुढे सरकून घसरते किंवा उभे राहू पाहते.

त्याहून नाजूक मामला बिजागरीचा. जी वस्तू चटकन मिटते तिच्या सांध्यांत कात्रीचा धर्म असतो, आणि मुलाची बोटे कात्रीत जावयास क्षणही लागत नाही. २००९ सालच्या नोव्हेंबरात अमेरिकेत मॅक्लारेन कंपनीच्या सुमारे दहा लाख गाड्यांबाबत सरकारी सुरक्षा आयोगाच्या सहकार्याने परत-योजना जाहीर करावी लागली, कारण गाडी उघडताना बिजागरीत सापडून १२ मुलांच्या बोटांची टोके तुटल्याची नोंद झाली होती. उपाय म्हणून बिजागरीवर घालावयाची कापडी आवरणे ग्राहकांना पुरविण्यात आली. ज्या माणसाच्या बुद्धीची मी वर स्तुती केली, त्याच्याच नावाच्या कंपनीच्या गाड्यांत हे घडले, म्हणून ते अधिक लक्षात ठेवले पाहिजे. दुकानात गाडी उघडमीट करून पाहताना, ती एका हाताने मिटते काय हे सगळेच पाहतात. सांधे झाकलेले आहेत काय, आणि उघडल्यावर खटका बसल्याचा स्पष्ट आवाज येतो काय, हे पाहणारा विरळा. आणि घरी एकच दंडक असावा: गाडी उघडताना किंवा मिटताना मूल कोणाच्या तरी हातात असले पाहिजे, गाडीजवळ उभे नव्हे.

हलकी गाडी बहुधा ठेंगणीही असते, आणि हा दोष दुकानात दिसत नाही, रस्त्यावर दिसतो. सरे विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१८ साली असे दाखवून दिले की, गाडीतील मुलाचा चेहरा जमिनीपासून साधारण ५५ ते ८५ सेंटिमीटर उंचीवर असतो, वाहनांच्या धुराच्या नळ्याही जमिनीलगतच उघडतात, आणि त्यामुळे ते मूल बरोबर चालणाऱ्या मोठ्या माणसापेक्षा ६० टक्क्यांपर्यंत अधिक दूषित हवा श्वासात घेऊ शकते. आमच्या टिळक रस्त्यावर सायंकाळी सिग्नलपाशी उभ्या असलेल्या बाबागाडीच्या वाट्याला काय येत असेल याची कल्पना करवत नाही. म्हणून समान वजनाच्या दोन गाड्यांत ज्या गाडीचे आसन चार बोटे उंच असेल ती घ्यावी, आणि सिग्नलपाशी थांबताना कडेपासून मागे सरून उभे राहावे. ऊन लागते म्हणून टपावरून कोरडे दुपटे सोडण्याची जी सवय पडली आहे तीही मोडली पाहिजे. त्याने सावली होते, पण वारा कोंडतो आणि आतली हवा बाहेरच्यापेक्षा तापते. विदर्भात आणि मराठवाड्यात तर हे विसरून मुळीच चालणार नाही.

पेला ठेवण्याची कडी, झुलणारी खेळणी, रंगसंगती यांबद्दल मला काही म्हणावयाचे नाही. दांडा मात्र ढकलणाऱ्याच्या कमरेच्या वर यावा.

गाडी मिटते की नाही, हा प्रश्न केवळ आपल्या सोयीचा असतो असेही नाही. इंग्लंडात २०१२ सालच्या फेब्रुवारीत डग पॉली नावाचे एक अपंग गृहस्थ वेदरबीहून लीड्सला जाण्यासाठी बसमध्ये चढू लागले. चाकाच्या खुर्चीसाठी राखलेल्या जागेत एका बाईने निजलेल्या मुलासह बाबागाडी उभी केली होती, आणि ती मिटत नाही असे सांगून तिने जागा सोडली नाही. पॉली यांना खालीच राहावे लागले. फिर्याद तेथील सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेली, आणि जानेवारी २०१७ मध्ये न्यायालयाने ठरविले की, वाहनचालकाने नुसती विनंती करून गप्प बसणे पुरेसे नाही, गरज पडल्यास बस काही वेळ थांबवूनही त्याने आग्रह धरला पाहिजे. मला त्या बाईवर राग धरवत नाही. निजलेले मूल उठविणे कोणत्या आईला आवडते? पण सार्वजनिक वाहनात नेण्याची गाडी मिटणारी असावी, आणि ती मिटण्याची तयारीही बाळगावी, हे त्या निकालातून आपण घ्यावे.

ब्रेकची परीक्षा उतारावर घ्यावी, सपाट फरशीवर नव्हे. १५ ऑक्टोबर २००९ रोजी ऑस्ट्रेलियात मेलबर्नजवळच्या ॲशबर्टन स्थानकावर एका आईच्या हातून क्षणभर सुटलेली गाडी फलाटाच्या किंचित उतारावरून घरंगळत रुळांवर, येणाऱ्या आगगाडीपुढे पडली. सहा महिन्यांचे ते बाळ कपाळावरच्या खरचटण्यावर निभावले हे त्याचे दैव. गाडी हलकी म्हणजे ती घरंगळावयासही हलकी. त्यातच दांड्याला भाजीच्या पिशव्या अडकविल्या की मूल उचलताच गाडी मागे कलंडते. ओझे खालच्या टोपलीतच ठेवावे.

आता ज्या गोष्टीचा निकाल कोणत्याही दुकानात लागू शकत नाही तिच्याविषयी लिहिणे मला भाग आहे. इतकी वर्षे रस्त्यांच्याच खात्यात काढलेली असल्यामुळे ते टाळणे अप्रामाणिकपणाचे होईल. पादचाऱ्यांच्या सोयींसाठी इंडियन रोड्स काँग्रेसने आयआरसी १०३ या क्रमांकाची जी मार्गदर्शक तत्त्वे प्रसिद्ध केली आहेत, त्यांत पदपथाची मोकळी रुंदी निदान १.८ मीटर असावी आणि त्याची कडा रस्त्यापासून १५० मिलिमीटरपेक्षा उंच नसावी असे स्पष्ट नमूद आहे. आमच्या घरापासून मंडईकडे जाताना मी टेप घेऊन चाललो. एके ठिकाणी विजेची पेटी आणि दुकानाची फळी यांमध्ये ४५ सेंटिमीटर जागा उरली होती, आणि दोन ठिकाणी कडा २८० मिलिमीटर उंच होती. म्हणजे तेथे बाबागाडी जात नाही, ती मुलासकट उचलावी लागते किंवा वाहनांच्या वाटेत उतरवावी लागते. पुण्यात पादचाऱ्यांसाठी धोरण आहे, २०१६ सालापासून आहे. जंगली महाराज रस्त्यावर त्यातून काय होऊ शकते ते दिसतेही. परंतु पेठांतल्या गल्ल्यांत ते धोरण दफ्तरातून खाली उतरलेले नाही. ज्या शहरात बाबागाडी लोटता येते त्या शहरात चाकाची खुर्चीही लोटता येते आणि काठी टेकणारा म्हातारा माणूसही निर्धास्त चालतो. म्हणून हा केवळ लेकुरवाळ्यांचा प्रश्न आहे असे महापालिकेने समजू नये.

२०२१ सालापासून ११ डिसेंबरला लक्ष्मी रस्त्याचा काही भाग वाहनांना बंद करून पादचारी दिन पाळला जातो. गेल्या खेपेस आम्ही नातवाला घेऊन तेथे गेलो. रस्त्याच्या मधोमध गाडी तासभर फिरली, आणि तेवढ्या अवधीत सूनबाईला ती एकदाही उचलावी लागली नाही. घरी परतताना, शनिपाराच्या अलीकडे, पहिल्याच कडेशी तिला पुन्हा वाकावे लागले. वर्षातील उरलेल्या ३६४ दिवसांची तजवीज महापालिकेने करावी, अशी माझी या स्तंभातून विनंती आहे. आणि ती होईपर्यंत, जी बाई मूल घेऊन रोज बाहेर पडणार तिला दुकानात नेल्यावाचून, आणि मिटलेली गाडी तिच्या हातात देऊन एक जिना चढविल्यावाचून, कोणीही बाबागाडीचे पैसे मोजू नयेत, अशी विनंती वाचकांना आहे.

आप्तांनी दिलेली जड गाडी, त्यांची अनुमती घेऊन, आम्ही समोरच्या वाड्यात तळमजल्यावर राहणाऱ्या एका कुटुंबाला दिली. त्यांना जिना नाही. ती गाडी रोज सकाळी सारसबागेपर्यंत जाऊन येते. आमची ६.४ किलोंची गाडी तिसऱ्या मजल्यावर दाराआड उभी असते, आणि पाच वाजले की सूनबाई ती उजव्या हातात घेते, बाळाला डाव्या कडेवर घेते आणि एकटी खाली उतरते.